माझं बूड सरळ करू नका

मी एक जुनं घमेलं आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. रिठदच्या वाटेवर नाल्याच्या अलीकडे एक गाव लागतं. तिथल्या मारुतीच्या पारावर कडुनिंबाला साखळी बांधलेली आहे आणि त्या साखळीला मी टांगलेला आहे. माझा काठ एके काळी तांबडा रंगवलेला होता, आता कुठे कुठे तो रंग उरला आहे. बूड मात्र आतल्या अंगाला चेपलेलं आहे, कुणी पोटात गुद्दा घालावा तसं. परगावचे लोक पारावर बिडी ओढायला टेकतात आणि विचारतात, "हे भंगार इथं कायले टांगलं बाप्पा?" भंगार तर भंगार. पण या भंगारानं एका माणसावर जो सूड उगवला, तसा सूड राजेरजवाड्यांच्या तलवारींनीही उगवला नसेल. ऐका.

माझा जन्म जऊळक्याच्या बाजारात झाला. ज्या लोहारानं मला घडवलं तो गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा की हा पत्रा मोडीत निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आहे. खरं म्हणजे तो डांबराच्या पिंपाचा होता, पण मीही इंजिनाचंच धरून बसलो. एकाच पत्र्यातून त्यानं दोन घमेली काढली. एक मी आणि दुसरं माझं जुळं भावंड. आम्हां दोघांना धनीबाईनं विकत घेतलं.

धनीबाई म्हणजे लखमा गवंड्याची बायको. बांधा काटकुळा, पण मान अशी की तिच्यावर देऊळ ठेवलं तरी कळस हलायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात तिनं मला डोक्यावर घेतलं आणि खडीच्या, मातीच्या कामावर नेलं. त्या साली आमच्या गावामागची एक अख्खी टेकडी आम्ही दोघांनी उचलून दुसरीकडे नेली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, तिथं टेकडी नाहीच.

आणि लखमा! त्याची भिंत इतकी ओळंब्यात असायची की तिच्यावरून मुंगी तिरपी चालली तर तिलाच लाज वाटायची. घर बांधायचं झालं की लोक पंचांग नंतर बघत, लखमाला सवड कधी आहे ते आधी विचारत. काम झालं की धनीबाई मला घासून धुऊन भिंतीशी पालथं घालायची. मित्रांनो, त्या दिवसांत मी सुखी होतो. सूड हा शब्दही मला माहीत नव्हता.

मग नाल्यावरचा पूल आला, आणि पुलाबरोबर उकंडराव ठेकेदार आला.

उकंडराव तालुक्याचा माणूस. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, आणि टोपीखाली तेल लावलेलं भलंमोठं टक्कल. ते डोकं नीट लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. पुलासाठी आलेली पोती पुलापर्यंत पोचायच्या आधीच वाट चुकायची. जे उरायचं त्यात वाळू मिसळून मिसळून उकंडराव माल कालवायला लावायचा. लखमानं चिमटीत माल घेऊन बघितला आणि म्हणाला, "मालक, याच्यात जीव नाई."

"तू थापी चालव बे," उकंडराव म्हणाला. "माल कसा करा लागते ते आमाले समजते."

पूल झाला आणि पोळ्यानंतर नाल्याला पूर आला. पूल असा गेला की सकाळी नुसता एक दगड उरला होता, तोही जावं की राहावं अशा विचारात. जगदेव पाटलाची बैलगाडी जाता जाता वाचली. चौकशी झाली. उकंडरावानं टोपी नीट केली आणि साऱ्या गावासमोर सांगितलं, "आमी माल बराबर देल्ला. मिस्त्रीच अडाणी निंघाला."

आणि गावानं ते मानलं.

लखमानं थापी घराच्या आढ्याला खोचली आणि दुसऱ्यांच्या बकऱ्या चारायला लागला. ज्याला बोलवायला लोक घोडं घेऊन यायचे, त्याला आता कुणी चूल घालायलाही बोलावीना. धनीबाई चिडायची.

"तुमी तोंड उघडून बोलत काहून नाई?"

"काय बोलू धने?" तो म्हणायचा. "भिंत माह्या हातची होती. लोकायले भिंत दिसते. आतला माल कोनाले दिसते?"

हे शब्द धनीबाईच्या डोक्यात असे बसले की माझ्याहून जड झाले. नवऱ्याचं गेलेलं नाव परत आणायचं, आणि ते उकंडरावाच्याच तोंडून आणायचं, एवढं एकच तिनं मनाशी धरलं.

दुसऱ्या वर्षी पूल पुन्हा मंजूर झाला. ठेकेदार पुन्हा उकंडराव! पारावर गाव जमलं. बायका नेहमीसारख्या कडेला उभ्या होत्या. धनीबाई कडेवरून निघाली ती थेट मधे येऊन उभी राहिली.

"जगदेवभाऊ," ती म्हणाली, "खळ्यावर तुमी पायली कशी मोजता?"

मित्रांनो, आमच्याकडची रीत तुम्हांला सांगायला हवी. खळ्यावर धान्याची रास पडली की पायलीनं मोजायची आणि प्रत्येक पायलीला मोठ्यानं आवाज द्यायचा. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. धनी, सालदार, सुतार, लोहार, सारे भोवती उभे राहून ऐकतात. जगदेव पाटलाचा आवाज असा की त्यानं 'लाभ' म्हटलं की तीन शिवारांतली पाखरं उडायची.

"आवाज देऊन मोजतो. कशी म्हंजे?" जगदेव म्हणाला.

"मंग पुलाचा माल बी तसाच मोजा. दिवसा, उघड्यावर, साऱ्यायच्या समोर. सिमेटाचं एक घमेलं, रेतीचे सहा. तुमी आवाज द्या, गाव ऐकन."

पारावर कुजबुज झाली. पुलावरून ज्यांच्या गाड्या जायच्या ते शेतकरी, ज्याचा किराणा यायचा तो पदमचंद शेठ, डोक्यावर माल वाहणाऱ्या बाया, सारे हो म्हणाले. मला वाटलं उकंडराव आता चिडेल. तो हसला.

"वा वा! मोजा ना, माय! आमचं काय लपेल हाय? असं करा, घमेलं बी धनीबाईच्याच घरचं घ्या. मंग तं झालं?"

त्यानं मला उचललं, माझ्या काठाला तांबडा रंग लावला आणि सांगितलं की हे सिमेंटचं घमेलं, यात दुसरं काही भरायचं नाही. माझं भावंड रेतीला. लोक म्हणाले, ठेकेदार सुधारला. मित्रांनो, मी इतका फुगलो की माझ्यात पाव शेर जास्त मावलं असेल. इंजिनाच्या पत्र्याला शेवटी मान मिळाला!

तो मान तीन दिवस टिकला.

चौथ्या दिवशी बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. उकंडरावानं मला पत्र्याच्या शेडमधे नेलं, जमिनीवर पालथं घातलं आणि लाकडी मोगरीनं माझ्या बुडावर घाव घातले. गोल गोल, सावकाश, मन लावून. मी किंचाळलो. बाहेर माल वाहणारी प्रयागबाई म्हणाली, "शेड ठोकून राह्यले वाटते." माझं बूड आत गेलं आणि पोटात एक टेकाड उभं राहिलं. वरून सिमेंट भरलं की टेकाड दिसायचं नाही. काठोकाठ भरलेलं घमेलं, आणि आत निम्मंच!

त्या दिवसापासून मला रात्रंदिवस शेडमधेच ठेवायचे, तिथंच भरायचे आणि उकंडरावाचा एक खास माणूस मला खांद्यावरून आणून, बूड लोकांकडे जाऊ न देता, एका झटक्यात ओतायचा. जगदेव छाती फुगवून ओरडायचा, "लाभ!" मग माझं भावंड यायचं, "दोन! तीन! चार!" गाव मान डोलवायचं. गावाची चूक कुठे झाली सांगू? खळ्यावरची पायली आजोबांच्या वेळेपासून एकच असते, म्हणून तिच्या बुडाकडे कुणी बघत नाही. इथंही सगळ्यांनी माझं तोंड बघितलं, मोजणी कानानं ऐकली. माझं बूड कुणीच बघितलं नाही.

रोज साठ-सत्तर वेळा माझ्या तोंडून खोटं वदवलं जात होतं. त्या शेडमधे मी शपथ घेतली की उकंडराव, एक दिवस तू माझ्या तावडीत सापडशील.

पुलाचे खांब छातीएवढे झाले. एका दुपारी लखमा बकऱ्या घेऊन तिथून गेला. त्यानं दोन दगडांमधल्या सांध्यावर नख ओढलं. नखाखाली भुसा आला. घरी येऊन तो म्हणाला, "धने, माल तोच हाय."

धनीबाई तडकली. "तोच कसा? आमी आवाज देऊन मोजून राह्यलो! गाव ऐकून राह्यलं! तुमाले आता साऱ्याच भिंती पडेल दिसतात."

लखमा उठून बकऱ्यांकडे गेला. भिंतीशी पालथं पडलेल्या माझ्या भावंडानं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मला स्वतःचीच चीड आली. ज्या बाईनं मला घासून पुसून ठेवलं, तिच्या घरात भांडण माझ्यामुळे!

मग उकंडरावाच्या त्या खास माणसाला थंडीताप भरला. उकंडराव तालुक्याला गेलेला. शेडमधला मुनीम जांभई देत म्हणाला, "कोन्या बी बाईले घ्या आन् काम चालू ठेवा." पुढे धनीबाईच उभी होती. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला उचललं.

मी तिच्या डोक्यावर बसलो आणि ती जागच्या जागी थांबली.

तीन वर्षं तिनं मला वाहिलं होतं. चुंबळीवर मी कसा डुलतो, कोणत्या पावलाला कुठे कलतो, सारं तिच्या मानेला पाठ होतं. आज मी डुललो नाही. चुंबळ माझ्या पोटाखालच्या खळग्यात शिरली आणि मी टोपीसारखा बसलो. वजनही गेलेलं. तिनं हात वर करून माझ्या बुडाखाली बोटं फिरवली. मी मनात ओरडलो, तेच, माय, तेच!

तिनं बोटं मागे घेतली. चालत गेली, मला ओतलं. जगदेव ओरडला, "लाभ!"

दुपारच्या सुट्टीत मुनीम घोरत होता. धनीबाईनं धुवायच्या निमित्तानं आम्हां दोघांना उचललं आणि पदमचंद शेठच्या दुकानात आणलं. पदमचंद शेठकडे सरकारी शिक्क्याचं लिटरचं माप होतं. ते तो इतकं जपायचा की गुलाबबाई, त्याची बायको, म्हणायची की मला एवढ्या वेळा पुसलं असतं तर मीही चमकले असते.

"शेठजी, याच्यात ज्वारी भरा आन् माप घ्या. मंग त्याच्यात."

शेठनं ज्वारी काठाला सपाट करून मोजली. माझ्या भावंडात तेरा मापं. माझ्यात सात. त्यानं पुन्हा मोजली. पुन्हा सात. शेठनं चष्मा काढला.

"बाई, हे तं डाका हुवा! आत्ताच्या आत्ता पंचायतीत सांगतो."

"नाई," धनीबाई म्हणाली. "तो म्हनंन, घमेलं इच्याच घरचं, इनंच चेपलं. सोमवारी मोठे सायेब येऊन राह्यले. तवा माप घेऊन या. आपून त्याले त्याच्याच डोक्यानं बोलाले लावू."

शेठनं चष्मा परत चढवला. "तुज्याशी वाकडं घेनार नाही बाप्पा मी कधी," तो म्हणाला आणि माप पुसायला लागला.

सोमवारी बांधकाम खात्याचे मोठे साहेब पूल बघायला जीपमधून आले. अर्धं गाव नाल्यावर. उकंडराव हार घेऊन पुढे. "सायेब, इथं गाव मोजते. असं काम साऱ्या जिल्ह्यात नाई." जगदेव पाटलानं मिशीला पीळ दिला. साहेब खूश झाले.

तेवढ्यात धनीबाईनं दोन्ही घमेली सिमेंटनं काठोकाठ भरली आणि ती मला घेऊन आली. प्रयागबाईनं माझं भावंड आणलं. दोन्ही खाली ठेवली.

"मालक," ती गोड आवाजात म्हणाली, "हे दोन्ही घमेले सारखेच ना?"

"सारखेच. एकाच पत्र्याचे. तुह्याच घरचे तं हायेत."

"मंग सायेबासमोर डोक्यावर घ्या. पयले हे, मंग ते. डोये मिटून सांगा, सारखे हायेत का नाई."

बाया खुदखुदल्या. उकंडरावाचा चेहरा पडला. पण साहेब हसून म्हणाले, "घ्या हो उकंडराव, गंमत तर बघू!" आता नाही कसं म्हणणार? त्यानं टोपी काढून मुनिमाकडे दिली. आधी माझं भावंड डोक्यावर चढलं. उकंडरावाची मान कट् वाजली, पाय लटपटले. "जड... जड हाय बा!"

ते उतरवलं आणि मला चढवलं.

मित्रांनो, त्या तेलकट टकलावर मी बसलो आणि मला कळलं की याच दिवसासाठी माझा पत्रा इंजिनातून निघाला होता. माझ्या बुडाला त्यानं जो खळगा पाडला, तो अगदी स्वतःच्या डोक्याच्या मापाचा पाडला होता. मी सरकन आत बसलो. कानापर्यंत.

"हल..." असं उकंडराव म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. पण साऱ्यांनी ऐकलं.

"काय म्हनलं? हलकं?" प्रयागबाई मोठ्यानं म्हणाली.

पदमचंद शेठ माप घेऊन पुढे आला. माझ्या भावंडातलं सिमेंट मोजलं. जगदेवनं सवयीनं आवाज दिला, "लाभ! दोन!" तो तेराला थांबला. मग धनीबाई दगडावर चढली आणि उकंडरावाच्या डोक्यावरूनच, माझ्यातून, माप भरभरून सिमेंट काढायला लागली. सिमेंटची पूड त्याच्या भुवयांवर, नाकावर, मिशीवर सांडत होती. "पाच! सहा! सात!" सातव्या मापाला माप माझ्या बुडावर खरवडलं. जगदेव आठ म्हणायला तोंड उघडून उभा राहिला. आठ आलंच नाही.

साहेबांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

उकंडरावानं मला काढायला हात वर नेले. मी निघालो नाही. त्यानं ओढलं, मुनिमानं ओढलं, जीपच्या ड्रायव्हरनं ओढलं. मी दात रोवून बसलो. माणूस जमिनीपासून वीतभर वर आला, पण मी नाही निघालो. हे मी सांगतो म्हणून नव्हे, विचारा गावात कुणालाही.

"मिस्त्रीले बलवा," धनीबाई म्हणाली. "हे काम अडान्याचं नाई."

लखमा आला. बकऱ्या मागे, हातात आढ्यातून काढलेली थापी. तिच्यावर वर्षभराची जाळी. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली, भिंत बघावी तसं बघितलं.

"काढ ना लखमा, बापा!" उकंडराव कळवळला.

लखमानं थापीनं हळूच टक् केलं आणि विचारलं, "मांगच्या साली माल कोनाच्या सांगन्यानं कालवला?"

"बायायनं कालवला..."

मी आवळलं. उकंडराव किंचाळला. "माह्या! माह्या सांगन्यानं!"

"लाभ!" जगदेव ओरडला. सवय हो, बिचाऱ्याची! पण सारं गाव त्या आवाजानं शहारलं.

"सिमेट कमी कोनं केलं?"

"म्याच!"

"दोन!"

"भिंत खराब होती का?"

उकंडराव इकडे तिकडे बघायला लागला. मी थोडं आणखी आवळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या सिमेंटात दोन ओघळ उमटले.

"नाई. भिंत चांगली होती. लखमाच्या भिंतीत खोट नव्हती. खोट मालात होती."

"तीन!" जगदेव म्हणाला, पण या वेळी एकही पाखरू उडालं नाही. गेल्या वर्षी लखमाला अडाणी म्हणणाऱ्यांत तोही होता. त्यानं मान खाली घातली.

धनीबाई नवऱ्याकडे बघत होती. लखमानं काठाखाली थापीचा कोपरा सारला आणि नेमक्या जागी एक टिचकी मारली. मी सुटलो. खरं सांगू? माझं मन नव्हतं.

साहेबांनी खांब पायापर्यंत पाडायला लावले आणि उकंडरावालाच ते स्वखर्चानं पुन्हा बांधून द्यायला सांगितलं, लखमाच्या हाताखाली. रोज सकाळी घमेली आधी बायांच्या पुढे पालथी ठेवायची, मग पदमचंद शेठच्या मापानं मोजायची, आणि मगच जगदेवचा आवाज. तो पूल अजून उभा आहे. पूर येतो, खांबाला टक्कर देतो आणि लाजून बाजूनं जातो.

काम संपल्यावर लखमा मोगरी घेऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आन, याचं बूड सरळ करून देतो." धनीबाईनं त्याचा हात धरला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या कानाला भोक पाडून मला या साखळीला टांगलं. नवा ठेकेदार आला की गाव त्याला आधी इथं आणतं, मला उलटं करून दाखवतं, आणि मग चहा पाजतं.

मित्रांनो, तुमच्या गावात शाळा, विहीर, रस्ता काही बांधत असतील तर मोजणी जरूर ऐका, पण माप उलटं करूनही बघा. आणि ते जी डोक्यावर वाहते तिला विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. माझ्याकडे आलात तर माझा गंज पुसा, जमलं तर तेलाचं बोट फिरवा, साखळी झिजली असेल तर बदला. एवढी काळजी घेतलीत तरी पुष्कळ झालं.

फक्त माझं बूड सरळ करू नका. उकंडराव अजून हिंडून फिरून आहे, आणि त्याच्या डोक्याचं माप माझ्याजवळच आहे.